दगडावरून गाळलेलं नाव

पत्रात माझ्या भावाबद्दल एकच वाक्य होतं, आणि त्यात त्याचं नावसुद्धा नव्हतं. 'सदर कर्मचाऱ्याने जहाज सोडण्याचा आदेश पाळला नसल्याचे अभिलेखावरून दिसून येत असल्याने त्यांचा समावेश स्मारकावर करता येत नाही.' खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक. धाराशिवच्या आमच्या घरात दाराशी उभी राहून मी ते दोनदा वाचलं. माय बाजेवर बसून तूर निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "काय म्हनतेत?"

"बघू म्हणतात," मी म्हणाले.

ऐंशी ओलांडलेल्या आईशी मी खोटं बोलले. त्यासाठी मला पत्र लिहिणाऱ्याचा राग आला, तसा स्वतःचाही आला.

भाऊ जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. आता ते पदच राहिलं नाही, सगळं काम उपग्रहावरून चालतं. पण त्या काळी प्रत्येक मोठ्या मालवाहू जहाजावर असा एक माणूस असायचा. डोक्याला हेडफोन लावून तो एका खोलीत बसायचा आणि हाताखालची कळ दाबून टिंब आणि रेघांच्या भाषेत बाकीच्या जहाजांशी आणि बंदरांशी बोलायचा. जहाज संकटात सापडलं तर ते जगाला कळवणारा तो एकटाच. समुद्रात गेलेल्या अशा माणसांसाठी किनाऱ्यावरच्या एका मोठ्या शहरानं स्मारक बांधायला घेतलं. त्या शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नातेवाइकांनी कागदपत्रांसह अर्ज करावेत, असं पेपरात आलं होतं. ते मी शाळेच्या शिक्षकखोलीत वाचलं आणि त्याच आठवड्यात अर्ज पाठवला. त्याचं उत्तर म्हणजे हे एक वाक्य.

आमचं मूळ गाव माकणी, पण आम्ही वाढलो कळंबमध्ये. बाबा तिथं पोस्टात तारा वाटायचे. खाकी कपडे, सायकल आणि खांद्याला पिशवी. बाबांची सायकल गल्लीत शिरली की बाया कामं टाकून उंबऱ्यात यायच्या, कारण तार म्हटली की बहुतेक कुणीतरी गेल्याचीच असायची. काही घरांत आम्हाला उंबऱ्याच्या आत यायची मुभा नव्हती. तिथंही बाबांच्या हातून तार मात्र घ्यावीच लागायची. घेणारे ती दोन बोटांच्या चिमटीत घ्यायचे. बाबा घरी येऊन हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज चढायचा नाही. माझा आजही चढतो.

शाळा सुटली की भाऊ पोस्टात जाऊन बसायचा. तारमास्तर वयस्कर होते, जातपात न मानणारे. त्यांनीच त्याला तारयंत्राची भाषा शिकवली. भाऊ जेवताना ताटाच्या काठावर बोटानं टकटक करायचा आणि माय त्याला दटावायची, "आन्नाला वाजवू न्हाय रं." बारावीनंतर तारमास्तरांनीच कुठून तरी माहिती काढली की जहाजावरच्या रेडिओवाल्यांसाठी परीक्षा असते. भाऊ शहरात गेला, दोन वर्षं शिकला, परीक्षा पास झाला आणि जहाजावर लागला. आमच्या अख्ख्या भावकीत समुद्र पाहिलेला तो पहिला. सुट्टीवर आला की माय त्याला विचारायची, "तितं पानी किती हाय?" तो म्हणायचा, "माय, दिसतंय तेवढं सगळं पाणीच." तिला ते खरं वाटायचं नाही. आमच्याकडं तेव्हा तीन घागरींसाठी तास-तास रांगेत उभं राहावं लागायचं.

तो बुडाला तेव्हा मी आठवीत होते.

ती तारही बाबांच्याच पोस्टात आली. तारमास्तरांनी ती यंत्रावरून उतरवून घेतली आणि बराच वेळ तशीच टेबलावर ठेवली. मग ते बाबांना म्हणाले, "आज एवढी एक तार मी घेऊन जातो. तुम्ही बसा." बाबांनी पाकिटावरचा पत्ता वाचला. तेवढं इंग्रजी त्यांना कामापुरतं येत होतं. ते म्हणाले, "त्या गल्लीची बीट माझी हाय साहेब. मीच जातो." भर दुपारी ते सायकल हातात धरून चालत घरी आले. मायच्या हातात तार दिली, आणि मग पिशवीतून पावतीचं पुस्तक काढून तिच्यापुढं धरलं. "आंगठा लाव," म्हणाले. मायनं अंगठा लावला. तिला काहीच कळलं नव्हतं. बाबा भिंतीला पाठ टेकून खाली बसले तेव्हा तिला कळलं.

जहाज बुडाले, तुमचा मुलगा बेपत्ता, एवढंच त्यात होतं. बेपत्ता या शब्दानं आमची दोन वर्षं खाल्ली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करायला मायनं नकार दिला. "देह न्हाय, काय न्हाय, मी कशाला त्येला मेला म्हनू?" माकणीचे नातेवाईक येऊन समजावून गेले. काही लोक वेगळंच बोलले. परदेशात उतरून राहिला असेल म्हणाले. गोऱ्या बाईशी लग्न केलं असेल, आता कशाला तुमच्याकडं येतोय, असंही म्हणाले. हे बोलणारे आमच्या घरी चहा पिऊन बोलत होते.

खरं काय झालं ते आम्हाला एका स्वयंपाक्यानं सांगितलं. तो त्याच जहाजावर भंडारी होता, कोकणातला माणूस, पन्नाशीचा. वाचून परत आल्यावर जवळजवळ दोन वर्षांनी तो एसटी बदलत-बदलत कळंबला आला. पोस्टात विचारून त्यानं आमचं घर शोधलं. आमच्या दारात उभा राहून त्यानं आधी मायच्या पायाला हात लावला.

मग तो सांगत बसला. जहाजात खनिजाची माती भरलेली होती. पावसाळी समुद्रात ती एका बाजूला सरकली आणि जहाज कलंडू लागलं. दुपारची वेळ होती. कप्तानानं सगळ्यांना होड्यांत उतरायला सांगितलं. सगळे उतरू लागले. भाऊ रेडिओच्या खोलीत होता. मदतीचा संदेश गेला होता, एका परदेशी जहाजानं तो ऐकलाही होता, पण त्या धुरकट हवेत हे जहाज नेमकं कुठं आहे ते त्यांना सापडत नव्हतं.

"मी त्यांना बोलवायला गेलो," भंडारी म्हणाला. "खोलीची जमीन अशी तिरकी झाली होती. ते एका हातानं टेबल धरून बसले होते आणि दुसऱ्या हातानं कळ दाबून धरली होती. मी म्हटलं, साहेब, चला. ते म्हणाले, तुम्ही व्हा पुढं. त्यांना दिशा मिळेपर्यंत मला हात काढता येणार नाही."

"मंग?" मायनं विचारलं.

"मग मी गेलो, आई." त्यानं मान खाली घातली. "मी होडीत उतरलो. जहाज उलटलं ते आम्ही होडीतून बघितलं. तिन्हीसांजेच्या आधी ते दुसरं जहाज सरळ आमच्याकडंच आलं. आम्ही बावीस जण वाचलो."

मायनं त्याला जेवू घातलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. तो जेवत असताना ती त्याच्या हाताकडं बघत होती. तो गेल्यावर तिनं बाबांना सांगितलं, "आता करा कार्यक्रम. मेला पोरगा माजा." त्या रविवारी बुद्धवंदना झाली.

त्यानंतर दोन पत्रं आली. पहिलं त्या परदेशी जहाजावरच्या रेडिओवाल्याचं होतं. त्यानं भावाचं नाव आणि पत्ता कुठून मिळवला कुणास ठाऊक. दोन पानी, इंग्रजीत, टाइप केलेलं, त्या दुपारी रेडिओवर काय-काय बोलणं झालं ते सांगणारं. दुसरं पत्र कंपनीचं. चौकशी सुरू आहे, आपल्याकडं काही कागद असल्यास मूळ प्रत पाठवावी. बाबांनी मूळ पत्र पाठवायचं ठरवलं. कळंबला तेव्हा झेरॉक्स नव्हती. तारमास्तर बदलून गेले होते, आणि मला इंग्रजीत धड एक वाक्य लिहिता येत नव्हतं. बाबांनी फुलस्केप कागद आणला आणि ते पत्र उतरवायला बसले. त्यांना अर्थ कळत नव्हता. मुलं चित्र काढतात तसं त्यांनी एक-एक अक्षर बघून काढलं. स्वल्पविराम काढले, खोडलेलं खोडलं तसं काढलं, खालच्या सहीचं वळणसुद्धा काढलं. चार दिवस लागले. मग मूळ पत्र रजिस्टरनं गेलं.

ते परत आलं नाही. आलं ते चौकशीच्या अहवालाचं एक पान. त्यात लिहिलं होतं की रेडिओ ऑफिसरनं जहाज सोडण्याचा आदेश पाळला नाही आणि त्यामुळं त्याच्या मृत्यूला तो स्वतः जबाबदार आहे. बावीस माणसं कशी वाचली, त्याबद्दल त्या पानावर एक अक्षर नव्हतं. आमच्या पत्राचाही उल्लेख नव्हता. बाबांनी पाच-सहा वेळा लिहिलं. नंतर ते थकले, आणि मी नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी गेले.

एवढ्या वर्षांनी स्मारक बांधणाऱ्या पालिकेला आमच्या घरातून भावाचा फोटो, त्याच्या परीक्षेचं प्रमाणपत्र, बाबांच्या प्रतीची झेरॉक्स, अहवालाचं पान, सगळं गेलं होतं. आणि कार्यालयात बसलेल्या कुणीतरी या सगळ्यातून तेच एक पान उचललं. मी फोन केला. स्मारकाचं काम बघणारे अधिकारी सभ्यपणे बोलले. सभ्यपणाचा मला जास्त राग येतो.

"मॅडम, तुम्ही पाठवलेली प्रत हातानं लिहिलेली आहे," ते म्हणाले. "ती पुरावा म्हणून कशी धरायची?"

"मूळ पत्र कंपनीनं मागून घेतलं. त्याची रजिस्टरची पावती जोडली आहे."

"कंपनी बंद होऊन किती वर्षं झाली. आता कुणाला विचारणार?"

"मग त्यांचा अहवाल कसा धरलात?"

त्यांनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तो टाइप केलेला आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी पुढं विचारलं, "तुम्ही धाराशिवच्या ना? तिकडं तर समुद्र नाही. तिकडून कसे काय गेले ते?" हा प्रश्न त्यांनी सहज विचारला. मी फोन ठेवला. समुद्र ज्यांच्या दाराशी आहे त्यांनीच त्यात मरावं, असा काही नियम असावा.

उद्घाटनाचं आमंत्रण आम्हाला नव्हतं. तारीख पेपरात वाचली आणि मी जायचं ठरवलं. मायला सांगितलं नव्हतं, पण पिशवी भरताना तिनं पाहिलं.

"मी बी येते."

"माय, नाव नाहीये त्याचं तिथं." शेवटी मी खरं सांगितलं.

तिनं माझी पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, "का न्हाय?"

मी पत्र वाचून दाखवलं. ते सरकारी मराठी तिला कळेल का, असं मला वाटत होतं. तिला नीट कळलं. "आदेस पाळला न्हाय," ती म्हणाली. "कुनाचा आदेस? धा मान्सं बुडत्याली बगून पळून ये, आसा आदेस व्हता का त्येला?" ती उठली आणि लुगडं बदलायला लागली.

स्मारक समुद्राकाठच्या बागेत होतं. काळ्या ग्रॅनाइटचा उंच दगड. सगळ्यात वर, डोळ्यांच्या रेषेत, उद्घाटन करणाऱ्यांची, प्रमुख उपस्थितांची आणि समितीची नावं, सोनेरी रंगात. मेलेल्या माणसांची नावं त्याखाली, बारीक अक्षरांत. वाचायला वाकावं लागत होतं. मी वाकून सगळी वाचली. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. माय माझ्या तोंडाकडं बघत होती. नाव नव्हतं.

समोरच्या ओळी पाहुण्यांसाठी राखीव होत्या. आम्ही मागं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते, पांढरा शर्ट, छातीला निमंत्रिताचा बिल्ला. त्यांना पुढं जागा असूनही ते मागं येऊन बसले होते. त्यांनी हिंदीत विचारलं, "आपका कौन?" मी सांगितलं. ते स्वतः तीस वर्षं जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते आणि आज त्यांना दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. नाव का नाही, असं त्यांनी विचारलं. मी पिशवीतून बाबांची प्रत काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती चष्मा लावून वाचली. मी ते पत्र कितीदा तरी वाचलेलं आहे, इंग्रजी कळायला लागल्यापासून. त्यात मध्येच तीन-तीन अक्षरांचे काही गट होते, क्यू अक्षरानं सुरू होणारे. ते मला कधी उलगडले नव्हते. बाबांनी उतरवताना चुकून काही काढलं असेल, असंच मी धरून चालले होते. त्या गृहस्थांचं बोट तिथंच थांबलं.

"ये किसने लिखा है?"

"माझ्या वडिलांनी. बघून काढलंय. त्यांना इंग्रजी येत नव्हतं."

"एक भी गलती नहीं है," ते म्हणाले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. ते गट म्हणजे रेडिओवाल्यांची ठरलेली खूण. येणाऱ्या जहाजानं भावाकडं मागणी केली होती, की आम्हाला दिशा काढता यावी म्हणून कळ दाबून लांब रेघ पाठव. भावानं ती पाठवली. त्यांनी पुन्हा मागितली. त्यानं पुन्हा पाठवली. तिसऱ्या वेळी रेघ मध्येच तुटली.

"आपके भाई ने हुक्म नहीं तोड़ा," ते म्हणाले. "उनसे माँगा गया था। उन्होंने दिया."

मी मायला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "मंग ह्ये तितं जाऊन सांगा म्हनावं." आणि तिनं मंचाकडं हात केला.

चार भाषणं झाल्यावर त्यांची पाळी आली. ते माइकपाशी गेले आणि बाबांचा कागद उलगडला. आधी इंग्रजीत वाचला, मग हिंदीत सांगितला. सुरुवातीला पुढच्या ओळीतले लोक आपापसात बोलत होते. मग ते वळून मंचाकडं बघू लागले. शेवटी त्यांनी माझ्या भावाचं पूर्ण नाव घेतलं, गावासकट, आणि म्हणाले की हे नाव या दगडावर नाही, आणि का नाही ते समितीनं आत्ता सांगावं. समितीतलं कुणी उठलं नाही. निवेदकानं घाईघाईनं आभार मानायला सुरुवात केली. मायला हिंदी फारसं येत नाही. नाव तेवढं तिला कळलं, आणि ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. तिला कुणी उठायला सांगितलं नव्हतं. आभार संपेपर्यंत ती उभीच होती.

दुसऱ्या दिवशी तिथल्या एका पेपरात चार ओळी आल्या. बहुतेक त्यामुळंच महिनाभरात पालिकेचं पत्र आलं. 'सहानुभूतिपूर्वक विचार करून' नाव समाविष्ट करण्यात येईल, आणि पूर्वीच्या अहवालाबाबत माझी तक्रार नाही असं मी लिहून द्यावं. सोबत नमुनाही जोडलेला होता. फक्त सही करायची होती.

मी तो नमुना तसाच परत पाठवला आणि वर लिहिलं की सहानुभूती नको. बावीस माणसांसाठी कळ दाबून बसलेल्या माणसाचं नाव कोरायला उपकार लागत नाहीत. तक्रार आहे आणि राहील. मला वाटलं होतं, आता प्रकरण बंद होईल. त्या वयस्कर गृहस्थांनी आणि त्यांच्या बरोबरीच्या काही जणांनी तिकडं समितीकडं किती खेटे घातले ते मला नंतर फोनवर कळलं. पाच महिन्यांनी नाव कोरलं गेलं.

आम्ही पुन्हा गेलो. नाव यादीच्या अगदी शेवटी होतं, बाकीच्यांहून थोडं उजळ, कारण ते नव्यानं कोरलेलं होतं. आडनावातली ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झाली होती. मायला वाचता येत नाही. मी तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. तिनं विचारलं, "आनि वर मोठ्या आक्षरात कुनाची हायती?"

"आलेल्या पाहुण्यांची."

"ती बी बुडाली का?"

शेजारी बागेचा पहारेकरी उभा होता, तो हसू दाबत दुसरीकडं गेला. मी हसले नाही. तीही हसली नाही. तिनं खरंच विचारलं होतं.

तो अहवाल अजून तसाच आहे. नाव दगडावर आहे आणि कागदावर आदेश न पाळल्याचा ठपकाही आहे. सरकारी दप्तरात दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी सुखानं राहतात, कुणाला त्यात काही विचित्र वाटत नाही. तो दुरुस्त करण्यासाठी मी जहाजांचा कारभार बघणाऱ्या खात्याला लिहिते आहे. पहिलं उत्तर आलं की विषय आमच्या कक्षेत नाही. दुसरं आलं की प्रकरण जुने असल्याने निकाली काढण्यात आले आहे. निकाली म्हणजे काय, हे मी त्यांना विचारलं आहे. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर मी त्यांच्या कार्यालयात जाऊन बसणार आहे, रजा टाकून. तसा अर्ज मी आज मुख्याध्यापकांकडं दिला. त्यांनी रजेचं कारण विचारलं. मी लिहिलं, घरगुती काम.